माणकीचा एक्स-रे

श्रोतेहो, नमस्कार. माणकी, म्हणजे माकूल किंवा स्क्विड, कशी साफ करायची ते तुम्हांला मी सांगायला नको. डोकं ओढायचं, शाईची पिशवी सांभाळून काढायची, पाठीतला तो पारदर्शक, प्लॅस्टिकसारखा काटा उपसायचा. हाड म्हणून काय ते तेवढंच, आणि तेही हाड नव्हेच. अशा मऊ जिवाचं अंतरंग न कापता बघायचं असेल तर? नीट ऐका हं, न कापता.

माझ्या मामाचं म्हापशाला एक्स-रेचं छोटं क्लिनिक होतं. एका शुक्रवारी मामी बाजारातून माणक्यो घेऊन थेट तिथेच आली. (तेव्हा माणकीला माणकीच म्हणत. आता हॉटेलात 'कलामारी' म्हटलं की दर दुप्पट, आणि शिजवून शिजवून रबर करून देतात ते वेगळंच.) पेशंट कोणी नव्हतं. मामाला लहर आली. वर्तमानपत्रावर एक माणकी ठेवली, बटण दाबलं. डार्करूममधून प्लेट आली, मामीने उजेडात धरली. "कितें हें? धुकं?" खरंच, नुसतं धुकं! फक्त डोक्यात दोन पांढरे ठिपके. मामा म्हणाला, रेती असेल. मामी कसली ऐकते! घरी येताच आदोळी, म्हणजे विळी, पुढे ओढली, डोक्याच्या चिंधड्या केल्या. ठिपके काही सापडले नाहीत. वर 'एक्स-रे लागलेली' माणकी रांधायची नाही म्हणून ती मांजराला गेली. एक्स-रे काही मासळीत मुरून राहत नाहीत, पण मामीला ते कोण पटवणार?

धुकं का आलं? हाडातलं कॅल्शियम एक्स-रे बरेच अडवतं. मांसात मुख्यतः पाणी आणि कार्बनसारखे हलके अणू. त्यामुळे आतडं काय नि मेंदू काय, सगळं सारखंच दिसतं. म्हणून शास्त्रज्ञ आधी प्राण्याला आयोडीनमध्ये भिजत ठेवतात. हो, जखमेला लावायच्या टिंक्चरमधलं तेच आयोडीन. बेरियम पिऊन पोटाचा फोटो काढलेल्यांना युक्ती लगेच कळेल. स्नायू, नसा, ग्रंथी आयोडीन कमीजास्त पितात आणि वेगवेगळ्या दिसू लागतात. मग मायक्रो-सीटी. आपल्या सीटी स्कॅनमध्ये यंत्र आपल्याभोवती फिरतं, इथे बहुधा प्राणीच गरगर फिरतो. शेकडो फोटो निघतात, संगणक ते जोडतो, आणि काही मायक्रॉनपर्यंतचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक काम दिसतं.

पूर्वी आतलं बघायचं तर प्राणी मेणात बसवून पातळ चकत्या कापत. ज्या एकाच किड्यावरून जातीला नाव दिलं, तो असा कापून कसा चालेल? इथे आयोडीन पुष्कळसं धुऊन काढता येतं आणि नमुना परत बाटलीत जातो. थोडा आक्रसतो, ते खरं. पण न कापता, श्रोतेहो, न कापता.

आणि ते ठिपके? माणकीच्या डोक्यात तोल सांभाळणारे दोन चुनखडी खडे असतात, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे. मामाची रेती म्हणजे तेच असणार. मामीने आदोळीवर कापून हरवलेदेखील तेच.