आधी चेंबर उघडा, मग बाकीचं

इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली, म्हणजे टॅपेट कव्हरखाली, हे जे काळं, जाड दिसतंय, बोटानं खरवडलं तर काकवीसारखी तार धरतंय, ते एके काळी ऑइलच होतं. साधं १५डब्ल्यू-४० ग्रेडचं, कॅनमधून ओतताना सोनेरी दिसणारं. आता ते वाहत नाही. इंजिनात जे वाहत नाही ते वंगण नाही, तो गाळ आहे, मिस्त्री लोक त्याला सरळ चिखलच म्हणतात.

मशीन आहे वीस टनाची पोकलेन, कोल्हापूरच्या बाहेर एका खडी क्रशरच्या आवारात दोन पावसाळे तशीच उभी राहिलेली. पण सगळा दोष त्या दोन पावसाळ्यांवर टाकून चालणार नाही, कारण ती चालू होती तेव्हाही ऑइल कमी झालं की वरून टाकायचं आणि पुढं चालवायचं एवढंच होत होतं. अशा मशीनला साधारण २५० ते ५०० तासांत ऑइल आणि फिल्टर बदलायचा असतो, आणि क्रशरसारख्या धुळीच्या जागी तर २५० च्या पुढं जाऊच नये. डंपरची वाट बघत, एसी लावून, इंजिन नुसतं आयडलला सोडलं तरी तास मोजणारा अवरमीटर पळतच असतो हे ऑपरेटरला माहिती असतं, पण मालकाला वाटतं की मशीन कुठं एवढी चाललीय.

आता हा चिखल तयार कसा होतो ते बघू. डिझेल जळलं की काजळी होते, थोडी काजळी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलात उतरते. ऑइलात डिस्पर्संट नावाचं द्रव्य असतं, ते काजळीचा एकेक कण वेगळा धरून ठेवतं म्हणून ऑइल काळं झालं तरी पातळ राहतं. दुसरं असतं डिटर्जंट, ते आम्ल मारतं आणि पिस्टन स्वच्छ ठेवतं. ही दोन्ही खर्च होणारी द्रव्यं आहेत. ती संपली की काजळीचे कण एकमेकांना चिकटायला लागतात, उष्णतेनं ऑइल स्वतःही जाड होत जातं, आणि मग त्यात पाणी येतं. पाणी कुठून येतं? एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं! बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण थोडं खाली उतरतं, आणि इंजिन नीट तापलंच नाही तर ते उडून जात नाही, इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरमध्येच बसतं. म्हणून तासन् तास आयडलवर ठेवणं, किंवा पाच मिनिटं चालू करून बंद करणं, हे जोरात कामाला लावण्यापेक्षा वाईट असतं.

आता मुख्य मुद्दा. अशी मशीन बघितली की चारचौघांचा सल्ला ठरलेला, पाच लिटर डिझेल ओता, थोडा वेळ चालू ठेवा, सगळं धुऊन निघतंय. आम्ही ज्या मिस्त्रींसोबत हे काम चित्रित केलं ते ऐकूनच म्हणाले, "मालक, चावी काढून घ्या आधी. चिखल सुटंल की, पण सुटून जाणार कुठं?" हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. ऑइल पंपाच्या तोंडाला चेंबरमध्ये एक जाळी असते. सुटलेले गोळे थेट तिच्यावर येऊन बसतात, पंपाला ऑइल मिळत नाही, प्रेशर पडतं, आणि बिगएंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची, बेअरिंगं क्रँकला चिकटून बसायला फार वेळ लागत नाही. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा शाफ्ट तर मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, त्याला काही सेकंद कोरडं राहणंही महागात पडतं. आणि फिल्टर आहे की, असं कुणी म्हणेल, तर फिल्टर चोंदला की त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि गाळलेलं नसलेलं ऑइल तसंच पुढं जातं. म्हणजे जे इंजिन निदान दुरुस्त होण्यासारखं होतं ते धुण्याच्या नादात संपतं.

म्हणून काम उलट्या टोकानं सुरू झालं. इंजिन चालू न करता, थंड असतानाच, ड्रेन प्लग हळूच सैल केला. पाणी ऑइलापेक्षा जड, ते तळाशी बसतं, त्यामुळे ते असेल तर पहिल्यांदा तेच बाहेर येतं. इथं आलं, पण थोडंच. मग त्यातलं थोडं ऑइल गरम तव्यावर टाकलं, तडतड झाली म्हणजे पाणी मिसळलंय. ऑइल दुधाळ असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, मग रेडिएटरचं पाणी आत येतंय का, म्हणजे ऑइल कूलर, हेड पॅकिंग, लायनरच्या रबरी रिंगा, हे सगळं आधी शोधावं लागलं असतं, कारण गळती तशीच ठेवून केलेली सफाई वाया जाते.

खालची गार्ड प्लेट काढली, चेंबर उतरवलं. जाळी बघा, अर्ध्याहून जास्त बंद आहे. ही मशीन डिझेल टाकून चालू केली असती तर उरलेली अर्धीपण गेली असती.

चिखल लाकडी पट्टीनं खरवडून काढला, तारेचा ब्रश आत वापरला नाही, त्याची एखादी तार सुटून आत राहिली तर? चेंबर आणि जाळी बाहेर काढून डिझेलनं धुतली, तिथं डिझेल चालतं. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ-हवा बाहेर सोडणारा, पाइप साफ केला, तो बंद असला की आतला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. ऑइल कूलर उघडला, कारण जुना गाळ तिथं लपून बसतो. जुना फिल्टर कापून कागद पसरला, तर त्यात तांबूस चमक दिसली. ती बेअरिंगची. बिगएंडची कॅप खोलली तर शेलवरचा, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीवरचा, वरचा थर घासून तांब्याचा थर दिसायला लागला होता, क्रँक मायक्रोमीटरनं मोजला तो मात्र मापात निघाला. शेल नवीन बसवले. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, म्हणजे कारखाने-वर्कशॉपांचा भाग, जवळ असल्यामुळे क्रँक ग्राइंडिंगची वेळ आली असती तरी सोय होती, पण आली नाही, बरं झालं.

नवीन ऑइल सीआय-४ दर्जाचं भरलं, फिल्टर आधी ऑइलानं भरून मग बसवला. डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर मारला, थांबून थांबून, वेगळं लावलेलं प्रेशर गेज हलेपर्यंत. कॅबिनमधल्या दिव्यावर मिस्त्रींचा विश्वास नाही, आणि त्यांचं बरोबर आहे, दिवा पेटेपर्यंत उशीर झालेला असतो.

उरलेला चिखल काढायचं काम आता या नवीन ऑइलातला डिटर्जंट हळूहळू करणार. म्हणून पहिलं ऑइल ५० तासांत काढलं, फार काळं निघालं, म्हणजे ते काम करत होतं. फिल्टर परत कापला, काजळी भरपूर पण चमक नाही. पुढचं ऑइल १०० तासांत, त्यानंतर कायमचे २५०. दोन-तीन वेळचा ऑइलचा खर्च होतो खरा, पण पूर्ण इंजिन बांधण्यापुढं तो काहीच नाही.

निघालेलं जुनं ऑइल झाकणाच्या ड्रममध्ये भरलं. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, म्हणून ते ओढ्यात नाही, धूळ बसवायला रस्त्यावरही नाही, परवाना असलेल्या रिसायकलरकडेच द्यायचं.