एक अक्षर: ने

नमस्कार श्रोतेहो. आज आपण एकाच अक्षराबद्दल बोलणार आहोत: ‘ने’. हा विषय रेडिओचाच, कारण लिपी कितीही वेगळ्या असल्या तरी कानाला हे अक्षर जवळपास सारखंच लागतं.

आपल्या मराठीत ‘ही पिशवी ने’ म्हटलं की ते अख्खं क्रियापद असतं. ‘रामाने पुस्तक दिलं’ यात ते प्रत्यय होतं, करणाऱ्याची खूण. आता गुजरातीत या. ‘रामने पुस्तक आप्युं’ म्हणजे रामाला पुस्तक दिलं. देणारा राम एका झटक्यात घेणारा झाला!

पण मला खरी भुरळ घातली आहे ती मरित्सा नदीवरच्या एका जागेने. बल्गेरिया, ग्रीस आणि तुर्कस्तान या तीन देशांच्या सीमा तिथे एकमेकींना मिळतात. बल्गेरियन भाषेत ‘ने’ म्हणजे नाही. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. आणि तुर्कीत ‘ने’ म्हणजे काय? म्हणजे ‘काय’! नकार, होकार आणि प्रश्न, तिन्ही एका अक्षरात, एका नदीच्या काठी. बरं, मान हलवून खुलासा करावा, तर बल्गेरियात होकार देताना मान आडवी हलवण्याची रीत आहे.

यातला बल्गेरियन ‘ने’ आपला लांबचा नातलग आहे. आपल्या ‘न’चं आणि त्याचं मूळ एकच. तुर्की ‘ने’ मात्र अगदी वेगळ्या कुळातला. जगात सुमारे ७,००० भाषा आहेत आणि तोंडाला सोपे असे छोटे उच्चार मोजकेच, तेव्हा अशा गाठी पडायच्याच. कोरियन माणूसही ‘ने’ म्हणून होकार देतो, आणि त्याचा ग्रीकशी काडीचाही संबंध नाही.

जपानी ‘ने’ मला सगळ्यात जवळचा वाटतो. तो वाक्याच्या शेवटी येतो, थेट आपल्या ‘ना’सारखा. ‘सोऽ देस ने’ म्हणजे ‘हो ना’. बोलताना मध्येमध्ये तो हळूच टाकतात, समोरच्याचं लक्ष आहे ना, हे चाचपायला. मलाही इथून तुम्ही कुणी दिसत नाही. ऐकताय ना?