वायर काढ, वायर लाव

[दृश्य: सावदा. क्रेटमध्ये रचल्या जाणाऱ्या हिरव्या फण्या]
रावेर-यावलची केळी हिरवीच निघते. पिकते ती या बंद खोलीत, राईपनिंग चेंबरमध्ये. थोडा इथिलीन वायू, १६ ते १८ अंश तापमान, ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता. चार-पाच दिवसांचं काम.

[दृश्य: चेंबरचं दार, भिंतीवरची डबी]
डबीत छोटा कॉम्प्युटर आहे. त्यातला प्रोग्राम सेन्सरला तापमान विचारतो, लिहून ठेवतो, पुन्हा विचारतो. तिसऱ्या दिवशी हा मान टाकायचा. बंद करून चालू केला की पुन्हा सुरळीत. त्या भानगडीत एक खेप जास्त पिकली.

[दृश्य: जळगाव. लॅपटॉप, ताईंचे हात]
प्रोग्राम या ताईंचा, सी भाषेतला. सीमध्ये मेमरी उसनी मागायची ती ‘मॅलॉक’नं, परत करायची ‘फ्री’नं. परत करायची राहिली की साचत जाते. कुठे राहिली, ते चार वेळा कोड वाचूनही दिसेना.

मग व्हॅलग्रिंड, प्रोग्राममधल्या मेमरीच्या चुका शोधणारं साधन. ज्युलियन सीवर्ड यांनी सुरू केलेलं, २००२ पासून सगळ्यांना खुलं. परवाना मुक्त, फी नाही. जळगावच्या या खोलीत बसूनही ते तितकंच आपलं. त्यातलं ‘मेमचेक’ प्रत्येक उसनवारी टिपतं आणि शेवटी थकबाकी ओळ क्रमांकासह मांडतं. त्यापायी प्रोग्राम २०-३० पट मंदावतो, मेमरीही जास्त लागते. म्हणून डबीवर नाही, लॅपटॉपवर.

पहिला निकाल: गळती शून्य!

[दृश्य: सेन्सरची वायर. आवाज तसाच ठेवा]
ताईंना चेंबरमधला ओलावा आठवला. त्या दमटपणात सेन्सर मधूनच गप्प होतो. टेबलावर तो कशाला गप्प होईल? म्हणून त्या स्वतःच वायर उपसतात. लावतात. पुन्हा उपसतात. अर्धा तास हेच.

[दृश्य: स्क्रीन जवळून]
‘डेफिनेटली लॉस्ट’, म्हणजे नक्की हरवलेली मेमरी. ओळ ११२.
उत्तर आलं नाही की फंक्शन तिथूनच मागे फिरत होतं; ‘फ्री’ त्याच्या खाली, तिथवर पोचतच नव्हतं. एक ओळ वर सरकवली.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझर नावाचं दुसरं हत्यारही आहे, त्यानं प्रोग्राम साधारण दुपटीनंच मंदावतो. पण प्रोग्राम नव्यानं कंपाईल करावा, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवावा लागतो. ताई दोन्ही वापरतात.

[दृश्य: वायर पुन्हा निघते, लागते]
आता ‘डेफिनेटली लॉस्ट’ शून्य. ‘स्टिल रीचेबल’मध्ये, म्हणजे परत न केलेल्या पण अजून हाताशी असलेल्या मेमरीत, थोडे बाइट्स उरलेत. ते सुरुवातीला एकदाच घेतलेले, वाढत नाहीत. ताईंनी ते तसेच ठेवलेत.

[दृश्य: चेंबरचं दार उघडतं. पिवळा रंग. निवेदन नाही]