आईचं चित्र काढताना चेहऱ्याची घाई नको

मंडळी, आई गेल्यावर तिचं चित्र काढायला बसणारे बहुतेक जण थेट चेहऱ्याला हात घालतात आणि तिथेच अडतात. ओठांचा कोपरा केसभर चुकला, की ‘ही आई नव्हे’ असं वाटतं आणि कागद कपाटात जातो. आधी तिचा चष्मा काढा, हात काढा. हात सोपे नसतातच, पण ते चुकले तर जिवाला इतकं लागत नाही.

त्याहीआधी एक काम. फोटोत नसलेलं लिहून ठेवा: हाक मारली की ती कुठल्या खांद्यावरून वळायची, हसताना कुठला डोळा जास्त बारीक व्हायचा. तासन्‌तास एकाच फोटोकडे पाहिलं की पुढे तो फोटोच आठवत राहतो, बाकीचं पुसट होतं.

फोटो खिडकीच्या उजेडातला, थोड्या अंतरावरून काढलेला घ्या. सेल्फीत नाक फुगतं, समोरच्या फ्लॅशने सावल्या जाऊन चेहरा सपाट होतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका. पानासकट ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. मूळ फोटोच्या पाठीवर बॉलपेनने काही लिहू नका, वळ पुढे उमटतात.

स्कॅनच्या प्रिंटवर २ सेंटिमीटरचे चौकोन आखा. चित्र दुप्पट हवं असेल तर कागदावर ४ सेंटिमीटरचे, एचबी पेन्सिलने, दाब न देता. मग प्रिंटच्या एकेका चौकोनातलं कागदाच्या त्याच चौकोनात उतरवा. चेहरा समोरून असेल तर डोळे डोक्याचा माथा आणि हनुवटी यांच्या साधारण मधोमध येतात. नवशिके ते हमखास वर काढतात. मग डोळे किलकिले करून फक्त मोठ्या सावल्या भरा. पापण्या, दात शेवटी. दातांमध्ये एकेक रेघ ओढलीत तर आई उगाच म्हातारी दिसेल! साम्य बिघडलं असं वाटलं, तर चित्र आणि प्रिंट दोन्ही उलटे, म्हणजे डोकं खाली करून, धरून ताडून पाहा.

चित्र पुरं झालंच पाहिजे असंही नाही. आर्शिल गॉर्की या चित्रकाराची आई १९१९ मध्ये गेली. १९१२ च्या एका फोटोवरून त्याने आई आणि स्वतः एकत्र असलेली दोन चित्रं वर्षानुवर्षं रंगवली, आणि त्यांत तिच्या हातांना बोटं दिलीच नाहीत.

कोळशाचं चित्र असेल तर फिक्सेटिव्ह (कोळसा पुसला जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) उघड्यावर मारा, हलके दोन थर, मध्ये वाळू देऊन. एकदम भिजवलंत तर डाग पडतात. फ्रेम करताना मध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घाला, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही.