आजोबांची सोला टोपी: कधीची आणि कुठली?

नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर, लोखंडी पेटीत ही सापडली. आजोबांची सोला टोपी, म्हणजे साहेबी काळातली उन्हाची कडक हॅट. ते देवळाली कॅम्पात कारकून होते, एवढंच घरात ठाऊक. टोपी कधीची, कुठली, हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. म्हणून टोपीलाच विचारू या.

आधी एक कळकळीची विनंती. अशी टोपी हाती आली की ओलं फडकं लावू नका. मागे एका टोपीचं आतलं लेबल मी पुसायला गेले आणि शाई फडक्यावर उतरली. तिचा ठावठिकाणा कायमचा गेला. मऊ, कोरडा ब्रश वापरा. बास.

आता ही हातात घेतली तर वजन जवळजवळ नाहीच. इथे कड उसवलीय, बघा. आत पांढरं, स्पंजासारखं दिसतंय ना? हे भेंड! लग्नातली बाशिंगं, गणपतीची मखरं ज्याची करायचे तेच. पाणथळ जागेत वाढणारं हे झुडूप, बंगालीत त्याला शोला म्हणतात. ‘सोला’ आलं ते तिथून. इंग्रजी ‘सोलर’शी त्याचं काही नातं नाही. विलायती टोप्या बऱ्याचदा बुचाच्या असत, त्या हाताला जड लागतात.

देवळालीची म्हणून इथलीच, असं मात्र धरू नका. विलायतेहून बोटीने आलेल्या सैनिकांचा तळ देवळालीला पडायचा आणि वाटेत इजिप्तमधल्या पोर्ट सैद बंदरात सायमन आर्ट्झच्या दुकानातून सोला टोपी घेणारे पुष्कळ असत. टोपीही माणसासारखी फिरते.

खरी माहिती असते ती आतल्या चामडी पट्टीत. घामाची पट्टी. ही अशी, बोटाने हळूच बाहेर वळवायची. चामडं कडकड वाजलं तर थांबायचं, जोर करायचा नाही. (पट्टी कॅमेऱ्यासमोर.) सोनेरी शिक्क्याची शेवटची चार इंग्रजी अक्षरं उरलीत: पी, ओ, आर, ई. कानपूरचं जुनं स्पेलिंग असं संपायचं, ते १९४८ मध्ये बदललं. पण सिंगापूरही असंच संपतं! मी दोन दिवस इथेच अडकले होते.

मग पट्टीमागे पेन्सिलीने लिहिलेलं हे दिसलं: ४ रु. ८ आ. आणे! नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे किंमत बहुतेक त्याआधीची. किंमत दुकानदार लिहितो, त्यावरून विक्रीचं ठिकाण कळतं, बनवण्याचं नाही. पण भेंड, आणे आणि लष्करी सामानासाठी नावाजलेलं कानपूर, तिन्ही एका दिशेला बोट दाखवतात.

टोपीत मापाचा आकडा असेल तर त्याचं थोडक्यात: ७ १/८ म्हणजे इंग्रजी माप, साधारण ५८ सेंटीमीटर डोकं. नुसतं ५६ किंवा ५७ असेल तर युरोपकडे बघा.

शेवटी नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च. अस्तर निळसर-पांढरं चमकलं तर कापड किंवा दोरा बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा, नाहीतर कुणीतरी ते साबणाच्या पावडरीने धुतलंय. (दिवे बंद.) आपली टोपी? अंधार. कुठेच चमक नाही.

म्हणजे माझा कौल: कानपूर, १९४८ च्या आधी. आता पट्टी होती तशी आत वळवते आणि ही टोपी आईच्या हातात देते. तिने ती आजोबांच्या डोक्यावर पाहिलीय.