यादीतलं नाव

(दृश्य: शाळेचा व्हरांडा. मुलांची रांग. निळी शाई लागलेली बोटं.)

आज पहिला तास होणार नाही. आज मतदान आहे. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक, आणि तिसरी ते आठवीची सगळी मुलं मतदार. अर्ज आले, छाननी झाली, दोघांनी माघार घेतली, चिन्हं वाटून झाली. चेंडू, घंटा, कंपासपेटी. प्रचार काल दुपारीच थांबला.

(दृश्य: टेबलावर एक मोबाइल, पुठ्ठ्याच्या आडोशामागे दुसरा.)

आडोशामागचा मोबाइल मतदारासाठी. टेबलावरचा मतदान अधिकारी क्रमांक तीनच्या हातात. इथून परवानगी मिळाल्याशिवाय तिकडे मत पडत नाही. खऱ्या केंद्रात कंट्रोल युनिट आणि बॅलट युनिट यांचं नातं असंच असतं.

उमेदवारांचे प्रतिनिधी बाकावर बसलेत. त्यांच्यातला एक विचारतो, ‘मशीनमध्ये आधीच मतं नाहीत कशावरून?’

सर काही बोलत नाहीत. केंद्राध्यक्ष आठवीतली मुलगी आहे, उत्तर तिने द्यायचंय. ती मोबाइल उचलून सगळ्यांना शून्य दाखवते. मग अभिरूप मतदान. प्रतिनिधी प्रत्येक चिन्हावर मतं टाकतात, कागदावर टिपून घेतात, मोजतात, ताळा जमवतात. ती मतं पुसली जातात. पुन्हा शून्य. आणि खाली सगळ्यांच्या सह्या.

खऱ्या मतदान केंद्रावर हे सगळं पहाटेच सुरू होतं, मतदानाच्या दीड तास आधी. तिथे किमान 50 मतं टाकून बघायची असतात. आपण रांगेत लागतो तेव्हा ते आटोपलेलं असतं, म्हणून बहुतेकांनी ते कधी पाहिलेलंच नसतं. या मुलांनी पाहिलं. शंका विचारणाऱ्याला कुणी खाली बसवलं नाही, त्याच्यासमोर मोजून दाखवलं. नागरिकशास्त्राचा याहून चांगला तास आम्ही तरी पाहिलेला नाही.

(दृश्य: हजेरीपटाची पानं. नावांवरून सरकणारी पट्टी.)

मतदार यादी म्हणून हजेरीपटाची प्रत घेतलीय. अधिकारी क्रमांक एक नाव मोठ्याने वाचतो, म्हणजे प्रतिनिधींना हरकत घ्यायची असेल तर घेता यावी. क्रमांक दोन डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावते. इथे ती साध्या मार्करची आहे. खरी शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते, 1962 पासून. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. उजेड लागला की ते काळं पडतं आणि नख वाढून पुढे सरकेपर्यंत जात नाही.

(दृश्य: पाचवीतला एक मुलगा टेबलापाशी. पट्टी दोनदा खालीवर फिरते.)

याचं नाव सापडत नाही.

तो मागच्या आठवड्यात शाळेत आला. यादी त्याच्या आधी तयार झाली. एक प्रतिनिधी म्हणतो, घेऊ द्या, आपण सगळे ओळखतो त्याला. दुसरी म्हणते, ओळखीवर मत द्यायचं तर यादी कशाला? केंद्राध्यक्ष नियमाचा कागद पुन्हा वाचते. मग मान हलवते. नाही.

(दृश्य: मुलगा दाराशी उभा. पुढची रांग सरकते. निवेदन थांबवावे.)

(दृश्य: पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची कृष्णधवल छायाचित्रं.)

1951-52. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक. मतदार सुमारे 17 कोटी, त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. पण पेटीपर्यंत पोचायचं तर आधी यादीत नाव हवं. नोंदणी करणारे दारात आले तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत, आणि सुमारे 28 लाख बायका मतदानाला मुकल्या. निर्णय कठोर होता. पण पुढच्या वेळी यादीत बाईचं नाव यायचं तर तिचं स्वतःचंच यायला हवं, हे त्यातून ठरलं.

(दृश्य: मोजणी. फळ्यावर उभ्या रेघा. टाळ्या.)

निकाल दुपारी लागला, कंपासपेटी जिंकली. नव्या मंत्रिमंडळाने पहिल्याच सभेत नियम बदलला: मूल ज्या दिवशी दाखल झालं, त्या दिवसापासून मतदार.

(दृश्य: तोच व्हरांडा, सुटीचा दिवस. टेबलावर नमुना 6 चे, म्हणजे मतदार नोंदणीचे अर्ज. एक तरुणी अर्ज भरते आहे.)

ही याच शाळेची जुनी विद्यार्थिनी. समोर केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, बसलेत. 1989 पर्यंत मताचा अधिकार 21 व्या वर्षी मिळायचा. 61 व्या घटनादुरुस्तीने तो 18 वर आणला. तरी एक अडचण उरली होती. वय मोजायचं ते फक्त 1 जानेवारीला. 2 जानेवारीला अठरा पूर्ण झाली तर जवळजवळ वर्षभर थांबा, मध्ये निवडणूक आली तर ती गेली. 2022 पासून अशा चार तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाल्यावर अर्ज आगाऊही देता येतो. बारावीच्या वर्गात हे अर्ज वाटायला किती वेळ लागेल? एक तास पुरे आहे. तेवढा तास प्रत्येक कॉलेजने काढावा.

(दृश्य: तरुणी अर्जावर स्वतःचं नाव लिहिते. अक्षरं जवळून.)

(दृश्य: ग्रामपंचायतीचं आवार. सतरंजी. ग्रामसभेची हजेरीवही.)

गावाच्या मतदार यादीत नाव आलं की माणूस ग्रामसभेचा सदस्य होतो. त्यासाठी निवडून यावं लागत नाही, कुणाची चिठ्ठी लागत नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. तेवढी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब. म्हणून या वहीतल्या एकेका सहीला वजन आहे.

(दृश्य: तीच तरुणी सही करते. मागे भिंतीला टेकून शाळेतली काही मुलं बसली आहेत.)

मुलांना इथे मत नाही, पण ऐकायला कुणाची हरकत नाही. दाराशी उभा राहिलेला तो पाचवीतला मुलगाही आलाय.

अध्यक्ष विचारतात, कुणाला काही बोलायचंय?

(दृश्य: तरुणी उभी राहते.)

‘मागच्या सभेत शाळेच्या पाण्याच्या टाकीचा ठराव झाला होता. तो कुठपर्यंत आला?’

(दृश्य: टेबलावर इतिवृत्ताची वही उघडली जाते. पानं मागे उलटतात. अंधार.)