शेवटच्या ड्रिपरपासून सुरुवात : भाजीपाल्याच्या रांगांसाठी ठिबक

(नागपूर येथे भाजीपाला उत्पादकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, ठिबकवर बोलताना पंपापासून सुरुवात करायची रीत आहे. आज आपण उलट्या टोकाने जाऊ. तुमच्या वावरात पंपापासून सर्वांत लांबची रांग कोणती, तिचा शेवटचा ड्रिपर, म्हणजे नळीतून थेंबथेंब पाणी सोडणारं तोंड, कोणता, तिथे उकिडवे बसा. ड्रिपरखाली माती थोडी उकरून एक वाटी ठेवा आणि घड्याळ लावून बरोबर ३६ सेकंद पाणी धरा. ते पाणी सिरिंजने मोजा. जितके मिलिलिटर भरेल त्याला १० ने भागलं की तासाचे लिटर निघतात. २० मिलिलिटर भरलं तर ड्रिपर ताशी २ लिटर देतो आहे. १४ भरलं तर १.४. एवढी सोपी तपासणी आहे, आणि ठिबक चांगलं बसलंय की नाही, पुढे ते नीट राखलं जातंय की नाही, हे दोन्ही तीच सांगते.

एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. चार रांगा निवडा: पहिली, एक तृतीयांशावरची, दोन तृतीयांशावरची आणि शेवटची. प्रत्येकीवर याच चार जागा. सोळा आकडे मिळतील. त्यांतल्या सर्वांत कमी चार आकड्यांची सरासरी काढा आणि तिला सगळ्यांच्या सरासरीने भागा. ०.९ च्या वर आलं तर संच उत्तम. ०.८ च्या खाली आलं तर शेताचा एक भाग उपाशी आहे आणि दुसऱ्याला गरजेपेक्षा जास्त पाजलं जातंय. खतही याच पाण्यातून जातं, म्हणून नुकसान दुहेरी. टोमॅटो एकसारखा येत नाही आणि कळमन्याच्या बाजारात प्रतवारीत मार खातो.

आकडे कसे कमी आहेत तेही पाहा. प्रत्येक नळीच्या सुरुवातीला ठीक आणि शेवटाकडे क्रमाने कमी होत गेले, तर दोष मांडणीचा: नळी फार लांब आहे, चढाला टाकली आहे, किंवा दाबच कमी आहे. कमी आकडे कुठेही विखुरलेले असले तर ड्रिपर चोंदले आहेत. क्षारांनी चोंदलेले ड्रिपर ॲसिडने सुटतात, पण मांडणीच्या दोषावर कितीही ॲसिड सोडलं तरी तो जाणार नाही.

आता मांडणीचा हिशेब. एक एकर, रांगांत ५ फूट म्हणजे दीड मीटर अंतर. वांगी, टोमॅटो, मिरचीला हे चालतं. लॅटरल, म्हणजे रांगेवरची ठिबक नळी, लागेल साधारण २,७०० मीटर. १६ मिमी इनलाइन (ड्रिपर नळीच्या आतच बसवलेली), ड्रिपर दर ४० सेंमीवर, म्हणजे ६,७५० ड्रिपर. प्रत्येकी २ लिटर धरलं तर एकर चालू असताना ताशी १३,५०० लिटर पाणी हवं. तुमची विहीर किंवा बोअर इतकं देत नसेल, तर एकराचे दोन भाग करा आणि प्रत्येकाला वेगळी सबमेन (लॅटरलना पाणी पुरवणारा पाइप), वेगळा व्हॉल्व्ह द्या. कमी पाण्यावर अख्खा एकर एकदम सोडणं ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. दाब दर चौरस सेंमीला १ किलोवरून ०.८ वर आला की ड्रिपरचं पाणी दहा टक्क्यांनी घटतं, आणि ही घट सगळीकडे सारखी नसते.

सपाट जमिनीवर ही १६ मिमीची नळी ६० मीटरच्या पुढे नेऊ नका. वावर लांब असेल तर सबमेन मधोमध टाकून दोन्ही बाजूंना ५०-५० मीटर घ्या. पत्ताकोबी-फुलकोबीला ४ फुटांच्या गादीवर दोन ओळी आणि मधून एक नळी पुरते. सांभार (कोथिंबीर), मेथी, पालक अशा दाट पेरलेल्या पिकांसाठी मात्र एका नळीचा हट्ट धरू नये. तिथे तुषार संच जास्त कामाचा.

आपली काळी माती भारी आहे. तिच्यात पाणी खाली जाण्याआधी आडवं पसरतं, म्हणून ४० सेंमीवर ड्रिपर असले तरी ओल एकमेकींना भिडून सलग पट्टा तयार होतो. बरड, मुरमाड जमिनीत तो होत नाही. तिथे ३० सेंमी घ्या. काळ्या मातीला मात्र एक खोड आहे. ती एकदा वाळली की भेगा पडतात, आणि भेगेवर आलेल्या ड्रिपरचं पाणी मुळांना न भेटता सरळ खाली जातं. एप्रिलमध्ये दोन-तीन दिवस पाणी चुकवून मग सहा तास मोटर चालवली, तर ती कसर भरून निघत नाही. रोज थोडं द्या.

थोडं म्हणजे किती? एकरावर १ मिमी पाणी म्हणजे साधारण ४,००० लिटर. आपला संच ताशी १३,५०० लिटर देतो, म्हणजे ३.३ मिमी. भर वाढीतल्या टोमॅटोला हिवाळ्यात रोज ३ ते ४ मिमी लागतं: तास-सव्वा तास. मे महिन्यात पारा ४५ कडे सरकला की ८ मिमीच्या आसपास: अडीच तास, आणि तेही सकाळ-संध्याकाळ विभागून. रोप लहान असताना याच्या निम्म्याहूनही कमी पुरतं.

बसवताना सबमेनचा चर दोन फूट खोल घ्या, म्हणजे नांगराचा फाळ लागणार नाही. पाइपला भोक पाडताना पीव्हीसीचा कीस आत पडतो. ग्रोमेट (भोकातलं रबरी कडं) आणि टेकऑफ (लॅटरल जोडायची तोटी) बसवून लगेच लॅटरल जोडली, तर हाच कीस पहिल्याच दिवशी ड्रिपरमध्ये जाऊन बसतो. म्हणून आधी सबमेनचं टोक उघडं ठेवून पाणी स्वच्छ येईपर्यंत मोटर चालवा, टेकऑफमधूनही पाणी उडू द्या, आणि मगच नळ्या जोडा. नळ्यांची टोकं उघडी ठेवून पुन्हा धुवा, मगच एंड कॅप लावा. चर बुजवायची घाई नको. पूर्ण दाबावर तासभर चालवून सांधे कोरडे आहेत हे आधी बघा.

नळी ताणून बसवू नये. ६० मीटर नळी दुपारच्या उन्हात आणि पहाटेच्या गारव्यात मिळून फूटभर लांब-आखूड होते. दुपारी ताणून बसवलेली नळी पहाटे आकसते आणि टेकऑफमधून निसटते. सकाळी अंथरा, थोडी सैल सोडा, दर काही मीटरवर खुंटीने धरा. ड्रिपरचं तोंड आकाशाकडे ठेवा: गाळ नळीच्या तळाशी बसतो आणि छिद्र त्याच्या वर राहतं. सबमेनच्या सर्वांत उंच जागी एअर व्हॉल्व्ह लावाच. मोटर बंद झाली की पाणी उताराकडे पळतं, मागे पोकळी होते आणि ड्रिपर बाहेरचा चिखल आत ओढतात. मल्चिंग पेपरखाली हे दिसतसुद्धा नाही. नळी घेताना तिच्यावर आयएसआयचा शिक्का आणि १३४८८ हा क्रमांक छापलेला पाहून घ्या.

फिल्टर पाण्यावरून ठरतो. बोअरच्या पाण्यात रेती येत असेल तर हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाणी गरगर फिरवून रेती वेगळी करणारा फिल्टर. उघडी विहीर, शेततळं, कालवा असेल तर शेवाळासाठी सँड फिल्टर हवाच. जाळीवर शेवाळ चिकटून चिखलासारखं बसतं आणि दाबाने आरपार जातं. दोन्हींच्या पुढे १२० मेशचा जाळी फिल्टर किंवा डिस्क फिल्टर. व्हेंच्युरी, म्हणजे खत पाण्यात ओढून घेणारं साधन, या जाळीच्या आधी बसवा, म्हणजे न विरघळलेलं खत जाळीत अडकेल. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दाबमापक हवेत. स्वच्छ असताना दोन्हींत किती फरक आहे तो पेटीवर लिहून ठेवा, तो ०.३ किलोने वाढला की फिल्टर धुवा. आठवड्याचा वार ठरवून धुणाऱ्यांचा फिल्टर पावसाळ्यात मधेच तुंबतो, कारण विहिरीचं पाणी वार पाळत नाही. दर पंधरवड्याला आधी सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह आणि नंतर लॅटरलची टोकं चार-पाच करून उघडा. सगळी एकदम उघडली तर पाण्याला वेग राहत नाही आणि गाळ हलत नाही.

खत सोडताना आधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं पाणी, मग खत, शेवटची वीस मिनिटं पुन्हा नुसतं पाणी. कॅल्शियम नायट्रेट हे १२:६१:००, ००:५२:३४ (ही फॉस्फेटची खतं), ००:००:५० (हे सल्फेटचं) किंवा मॅग्नेशियम सल्फेटबरोबर एका टाकीत कधीच घालू नका. फॉस्फेट किंवा सल्फेटशी कॅल्शियमचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो, आणि तो ड्रिपरमध्ये बसला की सहज निघत नाही. सिंगल सुपर फॉस्फेट ठिबकमधून द्यायचं नाही, ते मातीतच द्यायचं. पांढरं पोटॅश चालतं, लाल नाही.

आता आपल्याकडचा मुख्य शत्रू: जड पाणी. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर दिसला की क्षार बसायला लागले समजा. उपाय ॲसिडचा, पण अंदाजाने नाही. १० लिटर विहिरीचं पाणी बादलीत घ्या, त्यात व्यापारी हायड्रोक्लोरिक ॲसिड सिरिंजने एकेक मिलिलिटर टाकत, ढवळत जा, आणि पीएच कागदावर (आम्लता दाखवणाऱ्या) ४ येईपर्यंतचं माप लिहा. समजा ६ मिलिलिटर लागलं, म्हणजे लिटरला ०.६. एकराचा संच पंधरा मिनिटांत ३,३७५ लिटर पाणी सोडतो, म्हणजे साधारण २ लिटर ॲसिड. संच पूर्ण दाबावर आल्यानंतर हे ॲसिड पंधरा मिनिटांत ओढलं जाईल असा व्हेंच्युरी लावा. शेवटच्या ड्रिपरवर कागद धरा. तिथे ४ दिसल्याशिवाय काम झालं नाही. मग मोटर बंद, चोवीस तास तसंच ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी टोकं उघडून सगळं धुऊन काढा. टोकं न उघडता ड्रिपरमधूनच पाणी सोडलं, तर सुटलेली खपली पुढच्या ड्रिपरात जाऊन अडकते. हातमोजे आणि चष्मा घाला. टाकीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं केलं तर उसळून अंगावर येतं.

शेवाळ आणि बुळबुळीत थर ॲसिडने जात नाही, त्याला क्लोरीन हवं. ब्लीचिंग पावडरमध्ये कॅल्शियम असतं आणि जड पाण्यात ते आणखी साका करतं, म्हणून सोडियम हायपोक्लोराइट बरं. १० टक्के द्रावण लिटरला ०.२ मिलिलिटर धरलं, तर वरच्याच हिशेबाने पाऊण लिटरपेक्षा थोडं कमी लागेल. मात्र ॲसिड आणि क्लोरीन एकाच दिवशी, एकाच टाकीतून कधीही नाही. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. त्याने माणूस दगावू शकतो, हे मजुरांनाही समजावून सांगा.

उन्हाळ्यात नळ्या कुरतडल्या जातात, कारण उंदीर आणि खारी पाण्याच्या शोधात असतात. जॉइनर आणि नळीचा तुकडा खिशात असू द्या, आणि रांगेत अचानक ओली झालेली जागा रोज सकाळी बघा.

उन्हाळाभर साठलेले क्षार ओल्या पट्ट्याच्या कडेला जमतात. रोहिणी-मृगाची पहिली हलकी सर त्यांना खाली, थेट मुळांत ढकलते आणि मिरची एका रात्रीत कोमेजते. म्हणून पहिल्या बारीक पावसात मोटर बंद करू नका, ठिबक चालूच ठेवा. कडेचे क्षार आत येण्याआधी ड्रिपरचं पाणी त्यांना बाहेर लोटत राहतं. पाऊस नीट लागला, माती वीतभर खाली भिजली, की मग मोटर बंद करा.